नारूच्या गावची सोयरीक

चिंचखडी, ता. पाथर्डी
१० एप्रिल १९७२

ती. आबांस,

नमस्कार लिहायची रीत आहे म्हणून छबूचा नमस्कार.

परवा माझ्या पाठच्या रतनच्या सुपारीच्या दिवशी भर अंगणात, पावण्यारावळ्यांच्या देखत तुम्ही मला म्हणालात, "माझ्या दाराला पुन्हा पाय लावायचा न्हाई." नाही लावणार. पण पत्र टाकू नको असं काही तुम्ही म्हणाला नाहीत. फाडायचं असेल तर वाचून मग फाडा.

मी तमाशा करायला आले नव्हते. माझ्या धाकट्या दिराला, बन्सीला, रतन द्यायची ठरली हे मला तुमच्याकडून नाही, सासूबाईंकडून कळलं. तेही सासरे आणि बन्सी सुपारीसाठी तुमच्याकडं पुणतांब्याला निघाले तेव्हा. मला घरीच ठेवलं, का तर गुरांकडं कोण बघणार. माणसं गेल्यावर मी आसारामला, तुमच्या जावयाला, सांगितलं की मी चालले. तो काही बोलला नाही. तो कधीच काही बोलत नाही. एस.टी.नं नगरला आले, तिथून रेल्वे. डब्यात शेजारच्या बाईनं माझ्या पायाची पट्टी बघून लेकराला दुसऱ्या मांडीवर घेतलं. लागण होईल म्हणून नव्हे, वास येत होता.

पुणतांब्याला पोचले तर बाईनं मागच्या दारानं मला आत ओढलं आणि धान्याच्या खोलीत बसवलं. माझी सख्खी आई. "पावनी जेवून जाऊ देत गं, मग बोल तुला काय बोलायचं ते." आत पोत्यांना टेकून बसले होते तर बाहेरून सासऱ्यांचा आवाज: "थोरली सुखात हाय, धाकली बी सुखात ऱ्हाईल." तेव्हा उठले. बाहेर आले, रतनसमोर बसले आणि पट्टी सोडली.

तुम्ही लगेच तोंड फिरवलंत, म्हणून काय होतं ते लिहिते. घोट्याच्या वर आधी फोड येतो. आत निखारा ठेवल्यागत आग होते. फोड फुटला की मधून पांढरा दोरा डोकावतो, शेवयासारखा. तो जिता असतो. काडीला गुंडाळायचा, रोज थोडा थोडा ओढायचा, बोटभर येतो, मग अडतो. घाई केली आणि तुटला तर आत सडतो. माझा अजून अर्धा पायात आहे, आत्ता हे लिहिताना काडी पायाला बांधलेली आहे. मागच्या उन्हाळ्यातही आला होता. तेव्हा मी तुम्हाला लिहिलं होतं, आठवतं का? तुम्ही लिहिलंत, "औषधपाणी करीत जा."

रतनला मी एवढंच म्हटलं, "बघून घे. इथं आलीस की वर्षानं तुझ्या पायातून निघेल." बन्सी उठून बाहेर गेला. आणि तुम्ही माझा दंड धरून मला उठवलंत आणि म्हणालात, "नारू काय तुला एकटीला झालाय का? त्या गावात घरोघर नारू हाय, मला काय म्हाईत न्हाई? कुनी मेलं का त्यानं?"

रागाच्या भरात निघून गेलं तुमच्या तोंडातून. मलाही तेव्हा नीट ऐकू आलं नाही, कानात नुसता आवाज घुमत होता. गाडी राहुरीच्या पुढं आल्यावर एकदम कळलं. मला काय म्हाईत न्हाई, म्हणालात. म्हणजे माहीत होतं. दोन वर्षं मी समजत होते की आबांना फसवलं. लोकांनी लपवलं, आबा भोळे. मनातल्या मनात मी तुमची बाजू घेऊन भांडत होते.

कधीपासून माहीत होतं, आबा? मला देण्याच्या आधी का नंतर? एवढं एक लिहा. आणि रतनची सुपारी मोडा.

छबू


चिंचखडी
३० मे १९७२

ती. आबा,

तुमचं कार्ड मिळालं. "असल्या गोष्टी उघड्या कार्डावर लिहू नयेत, कुणी वाचेल. नारू अंगातल्या उष्णतेनं होतो, ताक पीत जावे. सासू-सासऱ्यांची मर्जी राखावी." मी लिहिलं ते पाकिटात होतं, कार्ड तुम्हीच टाकलंत. आणि ताक? इथं बारवेला तळाशी पाणी आहे, त्यात बायका गुडघाभर उतरून वाटीनं कळशी भरतात. दुभती गुरं चारा-छावणीला हाकलली. तुम्ही गोदावरीच्या काठी बसून मला ताक प्यायला सांगता.

जे विचारलं त्याचं उत्तर कार्डात नाही. ते मला दुसरीकडून मिळालं.

तुमच्या जावयाचा गुडघा गेला. त्याला यंदा गुडघ्याच्या आतल्या अंगाला नारू आला. दुष्काळी कामावर आमची बैलगाडी दगड वाहते. गाडीवर चढताना कशात तरी अडकून काडी ओढली गेली आणि नारू तुटला. दुसऱ्या दिवशी मांडी भोपळ्यासारखी. सासूबाईंनी रुईची पानं तापवून बांधली. कुणीतरी सांगितलं म्हणून सासऱ्यांनी तापलेल्या सळईचा डाग दिला. डाग देताना तो ओरडलाही नाही, नुसता माझा पदर दातात धरला. ताप डोक्यात जायला लागला तेव्हा गाडीत घालून पाथर्डीच्या दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी चिरून पू काढला. जीव वाचला. गुडघा वाकणार नाही, म्हणाले. पंचविशीचा आहे तो, आबा. पेरताना पाभरीमागं चालायचं, बसून जेवायचं, सगळं ताठ पायानं.

दवाखान्याच्या ओसरीत सासूबाई रडत होत्या. मीही रागात होते. म्हणाले, "आमच्या गावात कुणाला नारू म्हाईत न्हाई. तुमी लपवून मला करून आनली."

त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडं बघितलं. "लपवून? तुझा बाप घर बघायला आला तवा आमी दुखणेकऱ्यांना आत बशीवलं हुतं, खरं हाय. पन तू बापाला आंधळा समजती व्हय? हात-पाय धुवाया म्हनून त्यो एकटा बारवंवर गेला. तिथं आमची म्हातारी चुलती पाय पाण्यात सोडून बसलेली. तिच्यापाशी बसून समदं इचारून आला. घरी येऊन च्या पिला, अन् मग म्हनला, नारूच्या गावात पोरगी द्यायची तर हुंडा मिळनार न्हाई, लग्न बी तुमीच करा. आमी व्हय म्हनलं. आमाला कोन पोरगी देतं?"

असं आहे तर. बन्सीलाही तशीच देताय. एकदा जमलं म्हणून दुसऱ्यांदा.

डॉक्टरांचं सांगते, कारण ते तुमच्या उष्णतेपेक्षा वेगळं आहे. त्यांनी विचारलं, पाणी कुठलं पिता? बारवेचं. पायऱ्या उतरून? हो. आमच्या कळशीतलं पाणी काचेच्या बाटलीत ओतून त्यांनी खिडकीपाशी धरलं. धुळीएवढे ठिपके, पण उड्या मारणारे. "हे तुम्ही पिता. नारूची पिलं ह्यांच्या पोटात असतात. वर्षभर नारू तुमच्या अंगात वाढतो, मग पायातून निघतो. पाय जळतो म्हणून तुम्ही बारवेच्या पायरीवर बसून पाण्यात सोडता. तिथं तो पुन्हा पिलं टाकतो."

मग म्हणाले, "गावात एखादं घर असेल ना, जिथं नारू नाही?"

मी विचार केला. पाटलाचं नाही, गुरवाचं नाही, आमचं तर नाहीच. मग आठवलं, छगनशेट वाण्याचं. त्यांच्या घरात कुणाच्या पायाला कधी पट्टी बघितली नाही.

"ते काय वेगळं करतात?"

"पाणी गाळून पितात," मी म्हटलं. "आम्ही हसतो त्यांना."

डॉक्टर हसले नाहीत. "दुहेरी फडक्यातनं गाळा. आणि त्या पायऱ्या बंद करा."

आता मी घरात जुन्या लुगड्याच्या चौघडीतून गाळून माठ भरते. सासूबाई म्हणतात, "आपल्या घरात वान्याचं सोवळं कवापासनं आलं?" कधीकधी मुद्दाम न गाळलेलं पितात माझ्यासमोर.

तुमच्यावर माझा राग किती आहे हे लिहायला मला शब्द येत नाहीत. सातवीपर्यंत तुम्हीच शिकवलंत, त्यात ते आले नाहीत.

छबू


चिंचखडी
२५ जून १९७२

आबा,

तुमचं उत्तर नाही. बाईनं बांगड्या भरायला येणाऱ्या मुबारकबीच्या हाती निरोप धाडला, "आबा लई चिडल्यात, गप ऱ्हा." मुबारकबी निरोप सांगून स्वतःच कानकोंडी झाली. तिच्या पोटरीलाही पट्टी होती.

गेल्या आठवड्यात आरोग्य खात्याची जीप आली. कुठल्या गावात नारू किती, हे बघत फिरत होते. माझे सासरे सरपंच, त्यांना आदल्या दिवशीच कळलं होतं. दवंडी नाही, पण घरोघर निरोप गेला की ज्यांच्या पायाला आहे त्यांनी आत बसायचं, दारं लावून घ्यायची. गावाचं नाव कागदावर चढलं तर पोरं बिनलग्नाची राहतील. कुणालाही हे चूक वाटलं नाही. माझ्या चुलत जावेनं स्वतःच्या लेकराला आत कोंडलं आणि वर त्यालाच दटावलं.

मला आणि आसारामला कडब्याच्या खोपीत बसवलं. मला हसू यायला लागलं. पुणतांब्याला धान्याची खोली, इथं कडब्याची. सासर-माहेर दोन्हीकडं माझी जागा एकच.

चावडी आमच्या खोपीसमोरच आहे. साहेब खाटेवर बसून चहा पीत होते. त्यांनी विचारलं, "नारूचे रोगी किती असतील?" सासरे म्हणाले, "आमच्यात काय न्हाई साहेब. असंल एखाद-दुसरा." साहेब म्हणाले, "पाथर्डीच्या डॉक्टरांनी तर वेगळं सांगितलं." सासरे म्हणाले, "बाहेरगावचं कुनी असंल."

आसाराम काठी घेऊन उठला.

"कुठं?" मी म्हटलं.

"भाईर."

मी त्याचा दंड धरला, तोल सांभाळायला. तो ताठ पाय टाकत उन्हात गेला, थेट खाटेसमोर उभा राहिला. आबा, लग्न झाल्यापासून मी त्याला चार माणसांत मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. तो बापाकडं न बघता म्हणाला, "साहेब, ह्यो मी. ही माझी बायकू, हिच्या बी पायात हाय. अन् एखाद-दुसरा न्हाई. ह्या आळीत ज्या घराचं दार लावल्यालं दिसंल, त्या घरात नारू हाय."

साहेबांनी मान वळवून आळीकडं बघितलं. आम्हीही बघितलं. भर दुपारी सगळी दारं लावलेली होती. या टोकापासून मारुतीपर्यंत सगळी. फक्त छगनशेटचं दुकान उघडं होतं आणि शेटजी गल्ल्यावर वारा घेत बसले होते.

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "ह्या जिल्ह्यात बारवा अशाच आहेत. मी जिथं जातो तिथं मला एखाद-दुसराच सांगतात." आणि सासऱ्यांना म्हणाले, "पायऱ्या भिंतीनं बंद करा, वरून रहाटानं पाणी ओढा. पंचायतीनं ठराव केला तर आम्ही मदत करू."

सासरे म्हणाले, "देवाची बारव हाय. कानिफनाथाला कावड तिथनंच जाती. पायऱ्या कशा बुजवायच्या?"

जीप गेल्यावर गाव माझ्यावर उठलं. आसाराम बोलला, पण शिकवलं कुणी? बायका जास्त चिडल्या. त्यांचंही खोटं नाही, यंदा पाणी इतकं खाली आहे की दोरानं ओढायचं म्हणजे हाताची सालटी जाणार. एकीनं तोंडावर सांगितलं, "सरपंचाच्या सुनंनं आमच्या गळ्यात दोर बांधायचं काढलंय." सासरे आसारामशी बोलत नाहीत. जेवताना सुद्धा माझ्यामार्फत.

तुमच्या मुलीनं सोसावं असं तुम्हाला वाटतं. सोसतेच आहे. पण गप्प बसून सोसायचं ते मला आता जमत नाही.

छबू


चिंचखडी
१२ नोव्हेंबर १९७२

ती. आबा,

लग्न मार्गशीर्षात धरलंय असं कळलं. सुपारी मोडा म्हणून आता लिहीत नाही. रतनला विचारून बघा म्हणूनही लिहीत नाही, तुम्ही विचारणार नाही.

एकच मागते, आणि हे रागानं नाही लिहीत. पाऊस यंदाही गेला. पुढच्या उन्हाळ्यात बारवेला तळच राहील आणि सगळं गाव त्यात उतरेल. इथं माझं कुणी ऐकत नाही. आसारामचं ऐकत नाहीत. साहेबांचंही ऐकलं नाही. पण नवरीच्या बापाचं ऐकतील. इथल्या माणसांना सगळ्यात मोठी भीती नारूची नाही, पोरगी कुणी देणार नाही ह्याची आहे. तुम्ही माझ्या सासऱ्यांना निरोप द्या, आधी बारवेच्या पायऱ्या बंद करा, मगच वऱ्हाड घेऊन या. तुम्हाला ह्यात काही सोडावं लागत नाही. एक वाक्य बोलायचं आहे.

माझ्या वेळी तुम्ही नारू बघून हुंडा सोडवून घेतलात. ह्या वेळी नारू बघून एवढं मागा. मी मागचं काही काढणार नाही.

वाट बघते.

तुमची छबू


चिंचखडी
३ जुलै १९७३

आबा,

नव्या नवरीला आषाढात माहेरी न्यायचं म्हणून तुम्ही गेल्या सोमवारी आलात आणि रतनला घेऊन गेलात. सुखरूप पोचलात असं समजते.

तुम्ही पारावर बसला होतात तेव्हा मी समोरच आमच्या ओट्यावर चहा गाळत होते. मला सगळं ऐकू येत होतं. तुम्ही गावकऱ्यांना सांगत होतात, "मी आधीच अट घातली होती. पायऱ्या बुजवल्याशिवाय माझी पोरगी ह्या गावात येनार न्हाई. सरपंचाला तोंडावर सांगितलं." लोक माना हलवत होते. आसाराम पाराच्या कडेला ताठ पाय लांब करून बसलेला. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

म्हणून जे झालं ते लिहून काढते. तुम्हाला माहीत आहेच, पण माझ्या हातानं एकदा तुमच्यापुढं असू दे.

माझ्या नोव्हेंबरच्या पत्राला तुम्ही उत्तर दिलं नाहीत. सासऱ्यांना निरोप दिला नाहीत. ते पत्र मी टाकलं तेव्हा बन्सीला वाचून दाखवलं होतं. सुपारीच्या दिवशी माझा पाय बघून तो जो उठून गेला, तेव्हापासून त्याच्या मनात ते होतं. पंधरवडाभर त्यानं तुमच्या उत्तराची वाट बघितली. रोज पोस्टमनला विचारायचा. मग एक दिवस जेवताना बापाला म्हणाला, "पायऱ्या बुजवल्याशिवाय मी बाशिंग बांधनार न्हाई. पोरगी आनायची अन् तिला लंगडी करायची, मला न्हाई जमायचं."

सासऱ्यांनी ताट भिरकावलं. चार दिवस घरात चूल पेटली ती नुसती नावाला. पण बन्सी हलला नाही, आणि सुपारी फुटलेलं लग्न मोडलं तर पुन्हा दुसरी मुलगी कोण देणार, हे सासऱ्यांना कुणी सांगायला नको. पाचव्या दिवशी त्यांनी नूरमहंमद गवंड्याला बोलावलं. कावडीसाठी पाणी वरून काढलेलं देवाला चालतं, असा गुरवानं कौलही लावून दिला. भिंत झाली, वर रहाट बसला, मग तुमची रतन आली. ही त्या भिंतीची हकिकत. तिच्यात तुम्ही कुठं नाही.

हा उन्हाळा कसा गेला ते तुम्हाला पारावर कुणी सांगितलं नसेल. चैत्रापासून पुन्हा पायांतून नारू निघायला लागले. निघणारच होते, मागच्या उन्हाळ्यात प्यालेल्या पाण्याचे ते. मी घरोघर सांगत फिरले, डॉक्टर म्हणाले तसं, वर्ष लागतं, पुढच्या साली बघा. कोण ऐकतं? रहाटाच्या दोरानं बायकांचे तळहात फुटले, वर नारूही आला. भिंतीचा काय उपयोग, म्हणाले. छबूनं खोटं सांगितलं. नवऱ्याचा पाय गेला म्हणून तिचं डोकं फिरलं.

ज्येष्ठात एका सकाळी दहा-बारा माणसं पहारी घेऊन बारवेवर गेली. सासऱ्यांना ते माहीत होतं, म्हणून ते भल्या पहाटे शेतावर निघून गेले होते. मी धावले. रतन माझ्यामागं. भिंतीपुढं उभी राहून मी ओरडत होते, माणसं मला बाजूला व्हायला सांगत होती, एकानं तर पहिला दगड उचकटलाही.

तेवढ्यात सासूबाई आल्या. त्याच, ज्या मुद्दाम न गाळलेलं पाणी प्यायच्या. यंदा त्यांच्या दोन्ही पायांना होता. पट्ट्या बांधलेल्या, काठी टेकत आल्या, माणसांमधून वाट काढून थेट भिंतीवर चढून बसल्या. म्हणाल्या, "फोडा. माझ्यासकट फोडा. माझ्या पोराचा पाय गेला तवा तुमच्यापैकी कोन आलं हुतं पाथर्डीला? माझ्या मोठ्या सुनंला दोनदा झाला. ही धाकली सा म्हैने झालं गाळून पिती. आता पुढल्या उन्हाळ्याला हिचा पाय बघायचा. हिला नारू निघाला तर मी सोता पहार मारीन. तवर ह्यो दगुड कुनी हलवायचा न्हाई."

तो निघालेला दगड त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला. ऊन चढेपर्यंत तशा बसून होत्या. माणसं आधी शिव्या देत उभी राहिली, मग तंबाखू मळत बसली, मग एकेक करून घरी गेली. संध्याकाळी नूरमहंमदनं तो दगड पुन्हा चुन्यात बसवला.

पण प्रकरण मिटलं नव्हतं. पुन्हा येऊ म्हणालेच होते. आणि त्याच आठवड्यात तुम्ही आलात.

तुम्ही पारावर बोललात तेव्हा पहार घेऊन आलेले बहुतेक सगळे तिथं होते. पुणतांब्याचे बागायतदार, सरपंचाचे व्याही सांगतात म्हटल्यावर ते गप्प बसून ऐकत होते. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "पावन्यांनी अट घातली हुती, हे आमाला म्हाईत न्हवतं. मंग भिंत फोडायची म्हंजी सोयऱ्याचा सबुद मोडायचा." दुसरा म्हणाला, "उद्या आपल्या बी पोरांची लग्नं व्हायचीत."

मी हे ऐकलं आणि चहाचं पातेलं घट्ट धरून उभी राहिले. पारापाशी येऊन एक वाक्य बोलले असते तर सगळ्यांदेखत तुमची पगडी उतरली असती, तशी तुम्ही माझी सुपारीच्या दिवशी उतरवलीत. माझ्या जिभेवर ते आलं होतं. आसारामही वाट बघत होता, मी बोलते का. मी बोलले असते तर ती भिंत पुन्हा बायकांची झाली असती. बायकांची भिंत फोडायला पहार पुरते. व्याह्याच्या शब्दाला माणसं दचकतात.

म्हणून मी चहा पारावर धाडला आणि गप्प बसले. तुम्हाला वाटलं असेल, छबू निवळली. जाताना तुम्ही माझ्या डोक्यावर हातही ठेवलात.

सांगत राहा, आबा. पाथर्डीच्या बाजारात सांगा, नगरला सांगा, जिथं बारव असेल त्या गावात जाऊन सांगा की नवरीच्या बापानं अशी अट घालायची असते. तुमच्या तोंडून लोक ऐकतात. मी कुणापुढं तुम्हाला खोटं पाडणार नाही.

पण रतनला खरं सांगा. ती तुमच्या घरात महिनाभर आहे, तिला समोर बसवून सांगा की तुम्ही अट घातली नव्हती, तिच्या नवऱ्यानं घातली. तिला कळायला पाहिजे की ती कुणाच्या भरवशावर इथं परत येणार आहे. तुम्ही नाही सांगितलंत तर ती आल्यावर मी सांगेन.

आणि माझ्याबद्दल तुमचा गैरसमज राहू नये. त्या दिवशी मी गप्प बसले ती भिंतीसाठी. तुम्हाला माफ केलं म्हणून नाही.

छबू आसाराम